वहीवर लाल शाई कोण मारणार?

शोधाशोध : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

गेल्या अंकात मी सहज लिहून गेले होते, की संशोधन ही काही पीएच.डी.वाल्यांची जहागीर नाही, ते शिकता येतं. त्यावर पत्रांचा ढीग आला. बहुतेकांचं विचारणं एकच : शिकायचं कुठं, आणि पैसे भरायचे की नाही? सांगलीच्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात माझी नोकरी झाली. शेवटची काही वर्षं तर पुस्तकांच्या देवघेवीपेक्षा सर्वेक्षणाला जाणाऱ्या पोरापोरींना तयार करण्यातच गेली. तेवढ्या शिदोरीवर उत्तरं देते. झटपट प्रमाणपत्राचा पत्ता हवा असलेल्यांनी हे पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

प्रश्न : ताई, मी विट्यात एका सामाजिक संस्थेत काम करते. शिक्षण बी.कॉम. आमच्या भागातली कितीतरी कुटुंबं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्यासाठी परराज्यांत असतात. त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण संस्थेनं माझ्यावर सोपवलंय. 'रिसर्च स्किल्स'चा एक ऑनलाइन कोर्स पाहिला. फी साडेसात हजार, पंधरा दिवसांत प्रमाणपत्र. करू का? (विटा)

फी भरण्याआधी त्यांना फोन कर आणि एवढंच विचार : "मी तयार केलेली प्रश्नावली तुमच्याकडं कोण वाचणार? वाचून मला काय लिहून देणार?" 'सगळे व्हिडिओ कायमचे तुमचेच' असं उत्तर आलं तर पैसे पर्समध्येच राहू दे. संशोधन पद्धतीवरची व्याख्यानं केंद्र सरकारच्या 'स्वयम्' या संकेतस्थळावर फुकट आहेत, परीक्षेला बसून प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. पैसे मोजायचे ते आपल्या वहीवर लाल शाई मारणाऱ्या माणसासाठी. पंधरा-वीस जणांची तुकडी, दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष वस्तीत नेणारी, तिसऱ्या दिवशी भरून आणलेले फॉर्म सगळ्यांसमोर तपासणारी अशी कार्यशाळा मिळाली तर खुशाल पैसे भर. शिवाजी विद्यापीठाच्या समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्र विभागात, जवळच्या महाविद्यालयांत चौकशी कर. बाहेरच्या माणसाला बसू देता का, हे विचारायला लाजू नकोस.

आता तुझ्या सर्वेक्षणाकडं येते, कारण खरी गंमत तिथं आहे. तुझ्या फॉर्मवर पहिला प्रश्न असणार, 'कुटुंबात एकूण माणसं किती?' साधा वाटतो ना? जनगणनेत कुटुंब ठरतं ते चुलीवरून : एकत्र राहणारी, एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. आता गलाईवाल्याच्या घरी जा. नवरा-बायको केरळात, मोठा मुलगा आजीआजोबांजवळ विट्यात शाळेला, धाकटी आईबापाजवळ, आणि एक चुलता उत्तर प्रदेशात. चुली तीन, रेशनकार्ड एक, आणि आजीला विचारशील तर ती ठामपणे म्हणेल, "आमी सगळी एकच हाय." तू काही ठरवून दिलं नाहीस, तर तुझ्या तीन सर्वेक्षक मुली तीन तऱ्हांनी आकडा लिहितील. मग अहवालातली टक्केवारी कितीही सुबक छापली तरी तिला अर्थ राहणार नाही. म्हणून फॉर्मच्या माथ्यावरच छापून टाक : 'गेल्या बारा महिन्यांत सहा महिन्यांहून जास्त या घरी जेवला तो इथला, बाकीचे वेगळ्या रकान्यात, गावाच्या नावासह.' तुला दुसरी व्याख्या सोयीची वाटली तर ती घे, पण सगळ्यांना एकच दे आणि मधेच बदलू नकोस.

दुसरी लाल रेघ मारेन 'मुलांच्या शिक्षणाकडे पालक लक्ष देतात का?' या प्रश्नावर. याला 'नाही' म्हणणारा बाप मी अजून पाहिला नाही. त्याऐवजी, शाळेच्या शेवटच्या पालकसभेला घरातून कोण गेलं होतं, हे विचार. दाखला आजवर कुठल्या गावाहून कुठल्या गावी नेला, पहिली कुठल्या भाषेत झाली, मधे किती महिने शाळा बुडाली, हे विचार. पोर समोर असेल आणि घरच्यांची ना नसेल तर दुसरीच्या पुस्तकातल्या चार ओळी वाचायला दे. ज्याचं उत्तर एखाद्या घडलेल्या गोष्टीत आहे असा प्रश्न करायचा. मत विचारलंस की माणसं शिष्टाचारानं बोलतात.

आणि हंगाम बघ. ही माणसं दिवाळीला, जत्रेला, लग्नसराईत गावी येतात. मे महिन्यात गेलीस तर घर भरलेलं, ऑगस्टमध्ये गेलीस तर दाराला कुलूप. दोन्ही वेळेला गाव तेच. फॉर्मवर तारीख नसेल तर नंतर कुणालाच काही कळणार नाही.

छपाईआधी आठ-दहा घरी कच्चा फॉर्म घेऊन जा. ती घरं नंतर मोजायची नाहीत. कुठल्या प्रश्नाला लोक "म्हंजे काय?" असं विचारतात तेवढं टिपून आण. त्या आठ-दहा घरांत जे शिकशील त्याला फी नाही.

प्रश्न : मॅडम, मी तासगावचा. बी.ए. करून एका स्टुडिओत फोटो-व्हिडिओचं काम करतो. मिरजेच्या सतारमेकर लोकांवर काहीतरी वेगळं करायचंय, नुसता व्हिडिओ नको. जाऊन आलो, पण सगळे तेच सांगतात जे पेपरात आधीच छापून आलंय. 'सर्जनशील संशोधन' असं काही कुठं शिकवतात का? (तासगाव)

पेपरात आलेलंच सांगतात, कारण तू पेपरवाल्यांचेच प्रश्न विचारलेस. 'ही कला केव्हापासून?' असं विचारलं की शिकलगारांची कहाणी येते : हत्यारांना धार लावणारी माणसं, एकोणिसाव्या शतकात हत्यारांचं काम आटलं, त्यांच्यातले फरीदसाहेब वाद्यांकडं वळले. 'अडचणी काय?' म्हटलं की नवी पिढी येत नाही, लाकूड महाग झालं. 'सरकारनं काय केलं?' म्हटलं की २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं ते. यातलं खोटं काही नाही. पण आल्यागेल्याला ऐकवून ऐकवून ते पाठ झालंय. तुला कारागिराला बोलता करायचं नाहीये, त्याला काम करू द्यायचंय.

माझ्याकडं येणाऱ्या मुलांना मी पहिल्या भेटीला कॅमेरा आणि मोबाइल दोन्ही घरी ठेवायला लावायची. हातात फक्त पेन्सिल आणि कोरी वही. एका बैठकीत एकच हत्यार घ्यायचं आणि त्याचं चित्र काढायचं. चित्र वेडंवाकडं आलं तर उत्तमच. शेजारी बसलेला कारागीर थोडा वेळ बघतो, मग त्याला राहवत नाही, तो पेन्सिल हिसकावून घेतो नि म्हणतो, "आसं न्हाई, हितं बाक हाय बगा." एवढं झालं की मुलाखत घेणारा आणि देणारा हे नातं संपलं. तो मास्तर, तू शागीर्द. मग हत्याराचं नाव विचार, कुणी बनवलं, धार शेवटी कधी लावली, हे मोडलं तर काय करता, विचार. व्हिडिओवाल्याला हे जड जातं हे मला ठाऊक आहे. भिंग समोर आलं की आपण चौकट शोधतो, वस्तू बघत नाही.

नंतर 'सतारीची कला' हा अगडबंब विषय सोडून दे आणि एकच तानपुरा धर. एकच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. त्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला असेल. तो कुणी निवडला, किती दिवस वाळवला, आणि त्याच खेपेतले कुठले भोपळे नाकारले? नाकारलेल्या भोपळ्याबद्दल जरूर विचार. चांगलं काय हे सगळे गोलमोल सांगतात, वाईट काय हे मात्र नेमकं सांगतात. मग तुणीच्या लाकडाची दांडी, तबकडी, खुंट्या, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. आणि सगळ्यात शेवटी जवारी.

जवारीपाशी थांब. घोडीचा पृष्ठभाग कानसून, घासून असा करायचा की तार त्याला नुसती चाटून गेली पाहिजे. तिथंच तानपुऱ्याचा झंकार ठरतो. घासायचं किती हे मोजपट्टीत नसतं, कानात असतं. तुझं 'काहीतरी वेगळं' मला वाटतं इथं आहे. जवारी लावण्याआधी एक तार छेडून ध्वनिमुद्रण कर. मग प्रत्येक घासणीनंतर पुन्हा : तीच तार, तोच सूर, माइक तेवढ्याच अंतरावर. दर वेळी कारागिराला एकच विचार, "आता काय कमी आहे?" तो 'अजून बंद आहे' म्हणेल, 'खुली झाली' म्हणेल, कदाचित नुसती मान हलवेल. जे असेल ते त्याच्या शब्दांत उतरव, तुझ्या पुस्तकी शब्दांत नको. हे आवाज आणि ते शब्द शेजारी शेजारी मांडलेस तर ज्याला सारेगम येत नाही त्यालाही कळेल, की हा माणूस दिवसभर बसून ऐकतोय काय. सर्जनशील संशोधन म्हणतात ते हेच. त्याला ड्रोनचं शूटिंग लागत नाही.

ज्यांना कुणी विचारत नाही त्यांच्याकडंही जा. दुरुस्तीसाठी वाद्यं कुठून कुठून येतात? कुरिअरवाला मिरजेतून तानपुरा कसा बांधून नेतो? घरातल्या बायकांचा या कामाला कुठं हात लागतो? पुरुषांना विचारशील तर 'काय न्हाई' म्हणतील. तू गप्प बसून बघ.

आता जुन्या कागदांचं. मिरजेचा इतिहास शोधायला निघालेली बरीच पोरं १८८५ चं सातारा जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर उघडतात आणि हात हलवत परत येतात. मिरज त्यात कशी मिळेल? तिथं पटवर्धनांचं संस्थान. तुझं तासगाव मात्र इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात होतं, ते त्यात आहे. आजचा सांगली जिल्हा १९४९ साली संस्थानी मुलूख आणि साताऱ्याचे काही तालुके जोडून झाला, तेव्हा नावही 'दक्षिण सातारा' होतं. 'सांगली' हे नाव १९६० चं. आटपाडी औंध संस्थानात, जत वेगळं संस्थान. म्हणून आपल्याकडं कुठल्याही गावाचा शोध घ्यायचा तर पहिला प्रश्न हाच, की दीडशे वर्षांपूर्वी तिथं सारा कोण वसूल करत होतं? ज्यानं वसूल केला त्याच्या दप्तरात कागद. शिकलगारांच्या कहाणीला कागदाचा दुजोरा हवा असेल तर संस्थानाचे अहवाल, हिशेब, कारागिरांना दिलेली बक्षिसं असं शोधत कोल्हापूर-पुण्याच्या पुराभिलेखागारांकडं वळ. नाही सापडलं तर 'घराण्यात असं सांगतात' एवढं लिही. त्यात कमीपणा नाही.

प्रशिक्षणाचं म्हणशील तर मौखिक इतिहास, लोकजीवनाचा क्षेत्रीय अभ्यास अशा नावांनी समाजशास्त्र, मानवशास्त्र, पत्रकारिता आणि डिझाइनच्या संस्थांत हे शिकवतात. लहान कार्यशाळा शोध, जिथं दर आठवड्याला टिपणं द्यावी लागतात. तोवर घरी एक सवय लाव. त्याच रात्री, झोपण्याआधी, वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायची. डावीकडं पाहिलं-ऐकलं, उजवीकडं मला वाटलं. माझ्या वर्गात मुलं एकमेकांच्या वह्या बदलून तपासायची आणि चुकीच्या बाजूला पडलेलं वाक्य खोडायची. 'कारागीर खिन्न होता' असं डावीकडं लिहिलेलं मी कैकदा पाहिलंय. ते उजवीकडचं. डावीकडं यायला हवं ते 'बोलता बोलता दोनदा दाराकडं पाहिलं' हे. पहिल्या महिन्यात डावी बाजू ओस पडते आणि उजवी ओसंडते. सगळ्यांचं तसंच होतं, पण ते दाखवून देणारं कुणीतरी लागतं.

शेवटी व्यवहाराचं. तू दोन तास त्याचं काम थांबवलंस तर त्या दोन तासांच्या मजुरीचं काय? हे आधी बोल, संकोच करू नकोस. रेकॉर्डर चालू करून परवानगी घे, जोडलेलं चित्रण त्यांना आधी दाखव, 'हे काढा' म्हणाले तर काढ. आणि एक प्रत त्यांच्या घरी पोचती कर. शूटिंग करून गेलेले लोक परत येत नाहीत, ही मिरजेतच काय, कुठल्याही कारागिराची जुनी तक्रार आहे.

प्रश्न : कोरेगाव तालुक्यात माझं सासर. माळ्यावरच्या पेटीत मोडी कागदांची गाठोडी सापडली. दीर म्हणतात वतनाचे कागद आहेत. एक ओळखीचे म्हणतात, लगेच लॅमिनेट करून घ्या. मी पन्नाशीची गृहिणी. मोडी शिकायला किती दिवस लागतील, आणि मला जमेल का? (जि. सातारा)

वहिनी, आधी लॅमिनेशनवाल्याला थांबवा! तापलेलं प्लॅस्टिक जुन्या कागदाला एकदा चिकटलं की ते सुटत नाही. चिकटपट्टीही लावू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घाम आणू नका. आणि उत्साहाच्या भरात कागद 'नीट लावायला' बसू नका. एका गाठोड्यात कुठला कागद कुणाशेजारी होता, यालाही अर्थ असतो. एकेक गाठोडं सोडा, कागद जसे निघतील तसे चिठ्ठी ठेवून क्रमांक द्या, दिवसाच्या उजेडात पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. दोन्ही बाजूंचे. पाठीमागं शिक्का किंवा शेरा असतो आणि तो हमखास राहून जातो.

कागद कशासाठी वाचायचे, हे घरात स्पष्ट करून घ्या. जमिनीचा दावा असेल तर तुम्ही शिकून उपयोग नाही, तिथं अधिकृत मोडी लिप्यंतरकाराचीच सही लागेल. घराण्याचं काय होतं हे जाणून घ्यायचं असेल तर मात्र स्वतः शिका, फार मजा येते. एक आधीच सांगते : 'वतनाचे कागद' म्हणून उघडलेल्या पेटीतून कर्जखतंही निघतात, आणि मग दीर मंडळींचा उत्साह ओसरतो.

राज्याच्या पुराभिलेख विभागाचे मोडीचे वर्ग असतात, इतिहास मंडळांचे आणि काही महाविद्यालयांचेही. अक्षरओळख थोड्या दिवसांत होते. वाचन मात्र महिने खातं, कारण मोडीत शब्द तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेले नसतात, हात न उचलता ओळच्या ओळ ओढलेली असते, आणि मौजे, परगणे, राजश्री असे शब्द अक्षर-दोन अक्षरांत आटोपलेले असतात. म्हणून सगळ्यात जुना कागद आधी उचलू नका. विसाव्या शतकातलं, स्टँपपेपरवरचं एखादं खरेदीखत घ्या. त्याचा साचा ठरलेला असतो, पुढं काय येणार याचा अंदाज बांधता येतो. तिथून एकेक पिढी मागं सरका. रोज पाच ओळी, आणि आठवड्यातून एकदा त्या जाणकाराला दाखवायच्या. वर्गाची फी भरायची ती या दाखवण्यासाठी.

तारखांना घाबरू नका. 'छ' दिसला तर पुढं मुसलमानी चांद्र महिन्याची तारीख आहे असं समजा. वर्ष अरबी शब्दांत असेल, उदाहरणार्थ 'सबा सबैन मया व अलफ'. सबा म्हणजे ७, सबैन ७०, मया १००, अलफ १०००. बेरीज ११७७. हे सुहूर सन. ते मृगाच्या सुमाराला सुरू होतं, म्हणून जून ते डिसेंबरमधल्या कागदाला ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मेमधल्याला ६००. म्हणजे हा कागद १७७६-७७ चा. किराणाच्या हिशेबाची सवय असलेल्या बाईला हे अवघड जात नाही.

प्रश्न : आम्ही चौघं अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहोत. प्रोजेक्टचा विषय 'सांगलीचा महापूर : कारणे व उपाय'. संशोधन प्रशिक्षणाची कार्यशाळा झाली, प्रमाणपत्रंही मिळाली, पण सुरुवात कुठून करावी कळत नाही. (सांगली)

तुमच्या विषयावर २०१९ च्या पुरानंतर सरकारनं वडनेरे समिती नेमली होती. तिचा अहवाल आहे, तो वाचा. तज्ज्ञांच्या समितीचं काम चार पोरांनी एका सत्रात करायचं म्हटलं तर इंटरनेटवरून उतरवण्यापलीकडं काय होणार? आणि 'कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळं' किंवा 'अलमट्टीमुळं नाही' असं शेवटचं वाक्य आधीच ठरवून बसला असाल तर प्रोजेक्टची गरजच नाही, ते भांडण चहाच्या टपरीवर होतं.

विषय कापा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाच्या मोजपट्टीवर ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. २००५ आणि २०२१ ला पाणी पन्नाशीच्या वर गेलं, २०१९ ला तर सत्तावन्न फुटांच्या वर. पण पुलावर ४८ असताना तुमच्या गल्लीत कुणाच्या कितव्या पायरीला पाणी असतं? हे गल्लीतल्या म्हाताऱ्यांना माहीत आहे, कागदावर मात्र क्वचितच असेल. एक गल्ली घ्या. भिंतींवरच्या पुराच्या खुणा शोधा, कुठली कुठल्या वर्षाची हे दोघांकडून वेगवेगळं विचारा, आणि उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही लिहा. लोकांच्या मोबाइलमधले फोटो मागा, पण मूळ फाइल मागा. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेल्या फोटोत काढल्याची वेळ उरत नाही. कॉलेजच्या सर्वेक्षण प्रयोगशाळेत लेव्हलचं यंत्र आहे, ते बाहेर काढा आणि उंबरठ्यांच्या उंच्या घ्या. त्या दिवसांची पुलावरची तासातासाची नोंद जलसंपदा विभागाकडं माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला तीस दिवसांची मुदत. अर्जात 'पुराची संपूर्ण माहिती' असं लिहिलंत तर टोलवाटोलवी होईल. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत, वेळ आणि पातळी, एवढंच मागा.

दोन्ही याद्या जोडल्या की तक्ता तयार. पुढच्या जुलैत गल्लीतल्या आजीला तो उपयोगी पडेल, आणि तोंडी परीक्षेला परीक्षक प्रश्न विचारतील तेव्हा उत्तरं तुमची असतील.

प्रश्न : चॅटजीपीटी सगळं सांगतो. मग हे प्रशिक्षण वगैरे कशाला? (कऱ्हाड)

त्यानं दिलेली संदर्भांची यादी घ्या आणि एकेक नाव 'शोधगंगा'वर आणि राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयात शोधा. प्रबंध आणि पुस्तकं तिथं मोफत चाळता येतात. काही नावं मिळतील, काही जन्मालाच आलेली नसतील. कुठली कुठली हे ओळखता यायला लागलं की तुमचं प्रशिक्षण सुरू झालं. शोधशब्द सुचवायला, इंग्रजी उताऱ्याचा सारांश करायला वापरा, माझी ना नाही. मात्र मूळ उतारा शेजारी उघडा ठेवून.

प्रश्न : मी एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो. माण-खटावच्या रस्त्यांवर आयुष्य गेलं. गावोगावच्या देवळांपाशी वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांचे कोरीव स्मृतिदगड, पडलेले दिसायचे, कुणी त्यावर कपडे धुतं, कुणी ऑइलपेंट फासतं. त्यांची नोंद करावी वाटते. वय ६३, शिक्षण नववी. मला कोण शिकवणार? (दहिवडी)

कंडक्टरसाहेब, प्रत्येक टप्प्याला वे-बिल भरल्याशिवाय पुढं न जाणारा माणूस नोंदीला नववी पास असला काय नि एम.ए. असला काय. मी पदवीधर पोरांना ही शिस्त लावताना दमलेय, तुमच्या हाताला ती आहे.

मूर्तिशास्त्राचे, भारतीय विद्येचे शनिवार-रविवारचे वर्ग पुण्यात चालतात, काही ऑनलाइनही असतात, आणि बऱ्याच ठिकाणी पदवीची अट नसते. फोन करून विचारा. पण वर्ग मिळेपर्यंत थांबू नका. एक छापील पत्रक करून घ्या : गाव, नेमकी जागा, तोंड कुठल्या दिशेला, उंची-रुंदी, कप्पे किती, प्रत्येक कप्प्यात काय. बहुतेक वीरगळांत खालून वर वाचायचं असतं. तळाला लढाई किंवा पडलेला वीर, मधे त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. खालच्या कप्प्यात गाई असतील तर गोधन राखताना मेलेला वीर असण्याची शक्यता आहे, ते वेगळं लिहा. अक्षरं दिसली तर खडू, तेल, पीठ काही चोळू नका. सकाळचं तिरकं ऊन पडेल तेव्हा फोटो घ्या, खोदकाम आपोआप उठून दिसतं. पेंट खरवडायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. गावकरी जी गोष्ट सांगतील ती पत्रकाच्या मागच्या बाजूला लिहा, सांगणाऱ्याचं नाव आणि वय टाकून, त्याची परवानगी घेऊन. पुढच्या बाजूला फक्त दगडावर जे आहे ते.

एखादा जुना ड्रायव्हर सोबतीला घ्या. मोजायला टेपचं दुसरं टोक धरणारं कुणीतरी लागतंच, आणि गाडी कुठं थांबायची तिथले पार तुम्हा दोघांनाही पाठ असतील. पहिली दहा-बारा पत्रकं झाली की झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मूळ प्रती आणि फोटो स्वतःजवळ ठेवा. मी तपासून परत पाठवते. पाकिटावर सदराचं नाव तेवढं ठळक लिहा, नाहीतर ते जाहिरात विभागाच्या टेबलावर जाऊन पडतं.